कातरंगी अंडी

खुराडेकाकींनी जन्मात कधी अंडं खाल्लं नव्हतं. घर माळकऱ्यांचं. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी त्यांच्याही गळ्यात तुळशीची माळ पडली. अंड्याची चव कशी असते हे त्यांना ठाऊक नव्हतं आणि जाणून घ्यायची इच्छाही नव्हती. पण निमगाव केतकीतल्या कुठल्याही घरचं अंडं त्यांच्या तळहातावर ठेवा, ते कुणाच्या कोंबडीचं आणि त्या कोंबडीची आई कुठल्या रंगाचं अंडं घालायची, हे त्या सांगत. मी तीनदा पडताळून पाहिलं. तिसऱ्या वेळी त्या म्हणाल्या, "डाक्टर, परीक्षा झाली असंल तर च्या घ्या. गार व्हतोय."

मी काही डॉक्टर नव्हतो. पन्नास सालानंतरच्या त्या वर्षांत इंदापूरच्या गुरांच्या दवाखान्यात मी साधा स्टॉकमन म्हणून लागलो होतो. जखमा धुवायच्या, बैलांना टोचायचं आणि सायकलीवरून गावोगाव हिंडून लोकांना सुधारलेल्या कोंबड्या पाळायला सांगायचं, एवढं माझं काम. वय तेवीस. खिशाला पेन, डोक्यात नुकत्याच संपलेल्या शिक्षणाची गरमी. काकी तेव्हा पन्नाशीच्या असतील. उंच, हाडकुळ्या, नऊवारीचा ओचा कायम कोंड्याने भरलेला. त्यांचे यजमान तात्या पानमळा करत. पानमळ्यात चपला घालून जायचं नाही, तिथे विटाळ चालत नाही, असला तात्यांचा नेम. म्हणून खुराडं घराच्या अगदी दुसऱ्या टोकाला, गोठ्यामागे. तात्या स्वतः त्याच्याजवळ जात नसत. पण ते बांधलं होतं त्यांनीच, शेवरीच्या काठ्यांचं, मुंगूस शिरणार नाही असं.

पहिल्या भेटीत मी काकींना शहाणपण शिकवायला गेलो. म्हणालो, "काकी, या गावठी कोंबड्या काढून टाका. मी तुम्हाला पांढरा परदेशी कोंबडा देतो. त्याची पिल्लं दुप्पट अंडी देतील."

"सगळी पांढरीच देणार?"

"हो. एकजात पांढरीशुभ्र."

"मग कुणी कुठलं दिलं ते वळखायचं कसं?"

त्यांनी गोठ्यामागे जाऊन एक सूप आणलं. सुपात गव्हाचा कोंडा पसरलेला आणि कोंड्यात अंडी लावून ठेवलेली. एका कडेला पांढरीफेक, मग किंचित पिवळट, मग गव्हाळ, मग गुलाबी झाक असलेली, मग चहाच्या, मग गुळाच्या रंगाची आणि दुसऱ्या कडेला चार अंडी अशी की मी तोवर पाहिलीच नव्हती. विड्यात घालतात त्या काताचा रंग. तांबूस, गडद आणि वर बारीक काळसर ठिपके. पानमळेवाल्याच्या घरातली बाई. तिने रंगांना नावंही घरातलीच दिली होती. चुना, ताक, गहू, कांद्याचा पापुद्रा, च्या, गूळ, कात. "गुळापासनं कातापत्तोर यायला मला सव्वीस वर्सं लागली," त्या म्हणाल्या. फुशारकी नव्हती त्यात. वेळ लागला, एवढंच सांगायचं होतं.

त्यांची पद्धत पुढे मला हळूहळू कळली. प्रत्येक कोंबडीच्या पायात रंगीत दोरा. कोण कुणाची लेक, कुणाची नात, सगळं तोंडपाठ. गडद अंड्याचीच पिल्लं ठेवायची, बाकीची गावात वाटायची. जास्तीचे कोंबडे लोक पाळायला म्हणून मागून नेत. पुढे त्यांचं काय होई ते काकी विचारत नसत. नर निवडताना मात्र त्या फार चिकित्सा करत. मी एकदा म्हणालो, "कोंबडा तर अंडं घालत नाही. त्याचा रंग कसा कळणार?" तर म्हणाल्या, "त्याला घालता येत न्हाय म्हणून त्याच्या आईला इचारायचं. सून बघताना बी आपण तिची आईच बघतो न्हवं?" माझ्या पुस्तकात हीच गोष्ट चार पानांत सांगितली होती.

सोमवारी आणि गुरुवारी निमगावच्या बाजूला फेरी असे, तेव्हा माझी सायकल त्यांच्या दारात थांबायची. गावातल्या बाळंतिणीला, आजारातून उठलेल्याला काकी अंडी पाठवत, आणि नेहमी गडद अंडी. मला वाटलं, यात त्यांची काही समजूत असेल. विचारलं, "गडद अंड्यात ताकद जास्त असते, असं वाटतं का तुम्हाला?"

"न्हाय वो. आत समदं सारखंच असणार. पण दुखणाईताचं मन अन्नावरनं उडल्यालं असतं. जरा रंग बघून तरी हात पुढं करंल."

कात रंगाच्या कोंबड्या चारच होत्या. एक थोरली, तिच्या दोन लेकी आणि एक नात. त्यांच्याबद्दल बोलताना काकींचा आवाज खाली यायचा. एकदा उन्हाळ्यात मी पडवीत बसलो होतो, तेव्हा त्यांनी त्यामागची हकीकत सांगितली. त्यांचं माहेर बारामतीजवळच्या पिंपळीचं. लग्न होऊन निघाल्या तेव्हा आईने बैलगाडीत एक तांबडी कोंबडी डालग्याखाली घालून दिली. आईची स्वतःची, गुळाच्या रंगाची अंडी घालणारी. माळकऱ्याच्या घरी कोंबडी घेऊन आलेली सून! सासूने ती उंबऱ्याबाहेरच ठेवली. सासरे मात्र म्हणाले, "माहेरचा जीव हाय, राहू द्या. घरात आणू नका म्हंजे झालं." त्याच पावसाळ्यात आई तापाने गेली. निरोप पोचेपर्यंत दिवसही होऊन गेले होते. पुढे भावाशी वाटणीवरून बोलणं तुटलं, जाणं-येणं आटलं. काकींना मूलबाळ झालं नाही. राहिली ती तांबडी, मग तिच्या लेकी, मग नाती.

"लोकांचं माहेर गावात असतं," काकी म्हणाल्या, "माझं खुराड्यात हाय."

आणि मग लगेच उठून धान्य टाकायला गेल्या.

आता जे सांगायचं ते माझ्या हातून झालेलं आहे. इतकी वर्षं मी ते कुणाला सांगितलं नाही.

बोलता बोलता एकदा मी काकींना म्हणालो होतो की समुद्रापलीकडच्या एका मुलखात हिरवट-निळी अंडी देणाऱ्या कोंबड्या असतात, असं मी वाचलं आहे. काकींनी हातातलं सूप खाली ठेवलं. "हिरवी? पानासारखी?" असं दोनदा विचारलं. मग हसून म्हणाल्या, "चुना झाला, कात झाला. पान तेवढं राह्यलं बघा." तात्याही त्या दिवशी हसले. त्यानंतर काकींनी ती गोष्ट पुन्हा काढली नाही, पण माझ्या डोक्यात ती बसली. या बाईने मला इतकं दिलं, मी तिला काहीतरी आणून द्यावं. जमलं तर तिला माहीत नसलेलं काहीतरी.

पुढच्या हिवाळ्यात कामासाठी बारामतीला गेलो होतो. बाजारात एक परगावचा माणूस बसला होता. त्याच्यापुढे टोपलीत काळपट, डोक्यावर पिसांचा झुपका असलेली एक कोंबडी आणि शेजारी फडक्यावर एक अंडं. फिकं हिरवं. मी वाकून पाहिलं. तो म्हणाला, "हिचंच हाय साहेब. इलायती जात." मी गुरांच्या दवाखान्यातला माणूस, मला चार प्रश्न विचारायला हवे होते. एकही विचारला नाही. कोंबडी घेतली, अंडं रुमालात गुंडाळलं आणि इंदापूरच्या एस.टी.त टोपली मांडीवर घेऊन बसलो. वाटेत निमगावला उतरलो. काकींच्या दारात पोचेपर्यंत मला धीर नव्हता.

काकींनी रुमाल सोडला. अंडं तळहातावर घेतलं, अंगठ्याने चोळलं, उजेडाकडे धरलं. मग माझ्या तोंडाकडे पाहिलं. मी बहुधा फार आनंदात दिसत असेन.

"लई ग्वाड रंग हाय," त्या म्हणाल्या. मग कोंबडीकडे बघून विचारलं, "येगळी ठिवू का हिला थोडं दिस?"

हे त्यांना मीच शिकवलं होतं. बाहेरचं पाखरू पंधरा-वीस दिवस वेगळं ठेवायचं, मगच कळपात सोडायचं, हे मी तालुकाभर ओरडून सांगत होतो. त्या दिवशी मात्र मला घाई होती. ती लवकर रुळावी, लवकर अंड्यावर यावी, काकींनी ते पाहावं. मी म्हणालो, "काही गरज नाही. धडधाकट आहे."

काकींनी तिला खुराड्यात सोडलं.

नवव्या दिवशी तात्या सात-आठ मैल चालत इंदापूरला दवाखान्यात आले. मी बैलाच्या खुराला पट्टी बांधत होतो. ते दाराशीच उभे राहिले. म्हणाले, "डाक्टर, कोंबड्या माना टाकायला लागल्यात." मी तसाच निघालो. तात्यांना सायकलीवर पुढे बसवलं.

बाजारातली कोंबडी आदल्या दिवशीच मेली होती. मी खुराड्यापाशी वाकलो आणि मला कळलं. माना मुरगळून पाठीवर आलेल्या, चोची उघड्या, हिरवट पातळ शिट. मानमोडी. तिच्यावर लस होती, पण ती निरोगी पाखरांसाठी. आत शिरलेल्या रोगावर काही नाही. मी तरीही जिल्ह्याच्या ठिकाणाहून लस मागवली, गावातल्या बाकीच्या कोंबड्यांना टोचली. काकींच्या खुराड्यात रोज दोन-दोन, तीन-तीन जात राहिल्या. काकी सकाळी सूप घेऊन जायच्या ते सवयीने. सुपात मेलेली पाखरं घालून परत यायच्या. सगळ्यात शेवटी थोरली गेली. काकी तिला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. तिची वळलेली मान त्या बोटाने सरळ करायच्या, ती पुन्हा वळायची. असं कितीतरी वेळ चाललं. मग त्यांनी सरळ करायचं सोडलं.

गोठ्यामागे खोल खड्डा घेतला. थरावर थर, मधे चुन्याची फक्की. खड्डा मी आणि तात्यांनी खणला. एरवी खुराड्याजवळ न जाणारे तात्या त्या दिवशी चपला काढून तिथे उभे होते. मी म्हणालो, "त्या माणसानं मला फसवलं, काकी. मी त्याला शोधून काढीन."

काकी म्हणाल्या, "ते अंडं बदकाचं व्हतं."

मी फावडं थांबवलं.

"हातात घेतल्याबरोबर कळलं मला. बदकाचं अंडं हाताला जरा तेलकट लागतं."

"मग बोलला का नाहीत? कोंबडी परत का नाही दिलीत?"

"तुमी बारामतीपासनं मांडीवर धरून आणली व्हती."

मला तिथे उभं राहवेना. मी म्हणालो, "वेगळी ठेवू का, असं तुम्ही विचारलं होतं. मीच नको म्हणालो."

"म्या इचारलं, तुमी सांगितलं. दोघांनी मिळून केलं. आता माती लोटा."

पण सगळं अजून संपलं नव्हतं. दुपारी काकींनी मला पडवीत बोलावलं. सुपात कात रंगाची सात अंडी होती. रोग दिसायच्या आधीच्या चार दिवसांतली, थोरलीची आणि तिच्या लेकींची. आळीच्या टोकाला एका घरी कोंबडी खुडूक बसली होती. काकींनी ती मागायची ठरवली होती. "हितं न्हाय, तितंच तिच्याखाली बसवते. एकवीस दिसांत पिल्लं निघतील. चालंल न्हवं?"

त्यांनी हे असं विचारलं की मला हो म्हणावंसं वाटलं. कुणाला कळलं असतं? कदाचित पिल्लं नीट निघालीही असती. पण त्या अंड्यांच्या अंगावर, कदाचित आतही, रोग असणार होता. आळीतल्या प्रत्येक घरात पाच-पाच, दहा-दहा कोंबड्या होत्या. गरीब घरात तेवढाच आधार.

मी म्हणालो, "नाही चालणार, काकी."

"एक बी न्हाय?"

"एकही नाही. गावभर होईल."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "ह्या येळी खरं सांगताय न्हवं?"

"हो."

"मग न्हाय बसवत."

त्यांनी सूप उचललं आणि स्वतःच अर्ध्या भरलेल्या खड्ड्याकडे गेल्या. एकेक अंडं हाताने खाली ठेवलं, टाकलं नाही. सात वेळा वाकल्या. आम्हा दोघांना जवळ येऊ दिलं नाही.

महिन्याभराने तात्यांनीच सुचवलं की पिंपळीला जाऊन पाहावं. काकींच्या आईच्या कोंबड्यांचं बी तिथे अजून असेल. भावाशी बोलणं नव्हतं, पण भाऊ वारून दोन वर्षं झाली होती. काकी एकट्या जायला तयार नव्हत्या आणि तात्यांचा पानमळ्यात तोडा चालू होता. म्हणून मी गेलो. बावीस-तेवीस वर्षांनी त्या माहेरच्या दारात उभ्या राहिल्या. भावजयीने आधी ओळखलंच नाही, मग ओळखलं आणि गळ्यात पडून रडली. पाणी झालं, चहा झाला. काकींनी इकडची तिकडची चौकशी केली आणि मग अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "आईच्या कोंबड्या हायत का गं अजून?"

भावजय म्हणाली, "वन्सं, त्या जुन्या कोंबड्या आता कोण ठिवतंय? आमी सरकारी पांढऱ्या घेतल्यात. ह्या बघा की." आणि कौतुकाने टोपली आणून पुढे ठेवली. टोपलीभर अंडी. सगळी एकसारखी, एका आकाराची, पांढरीशुभ्र. तसले कोंबडे वाटणारा मी शेजारीच बसलो होतो.

काकींनी एक अंडं उचललं, हातात फिरवलं, परत जागेवर ठेवलं. "झ्याक हायत," म्हणाल्या. भावजयीने ओटीत नारळ घातला, खण दिला. निघताना काकी परसात गेल्या. जुन्या आडाशेजारी जिथे कधीकाळी आईचं खुराडं असेल तिथे आता उसाची चिपाडं रचली होती. तिथे थोडा वेळ उभ्या राहिल्या.

परतीच्या एस.टी.त त्या खिडकीशी बसल्या होत्या. लासुर्ण्याच्या पुढे आल्यावर, बाहेर पाहतच, म्हणाल्या, "आई गेली तवा मी रडले न्हाय, डाक्टर. येळच न्हाय मिळाला. निरोप आला तवा समदं उरकल्यालं." आणि मग पदर तोंडावर घेऊन एवढ्या रडल्या की कंडक्टर येऊन विचारून गेला, बाईंना काय होतंय. मी म्हणालो, त्यांची आई वारली. "कवा?" त्याने विचारलं. काकी पदराआडून म्हणाल्या, "आज."

त्यानंतर वर्षभर मी इंदापुरात होतो. काकींनी पुन्हा कोंबड्या पाळल्या नाहीत. लोक त्यांना तरीही खुराडेकाकीच म्हणत. मला हे सगळं दुसऱ्यांकडून कळे, कारण मी त्यांच्या दारात थांबायचं सोडलं होतं. निमगावची फेरी असली की मी मान खाली घालून पुढे निघून जाई. मनाला सांगे की आपण दिसलो की त्यांना ते सगळं आठवेल, उगाच जखमेवरची खपली कशाला काढायची. त्यांच्यासाठीच मी टाळतो आहे, अशी मी माझी समजूत करून घेतली होती. बदलीचा हुकूम आला तेव्हाही निरोप घ्यायला गेलो नाही. उद्या जाऊ, उद्या जाऊ करता करता खानदेशात पोचलो.

नोकरीत पुढे मी फार कडक म्हणून प्रसिद्ध झालो. बाहेरचं पाखरू वेगळं ठेवल्याशिवाय कुणाच्या कळपात सोडू दिलं नाही. कुणी हुज्जत घातली तर रात्री झोप लागायची नाही. हाताखालची माणसं हसत. हसू देत.

सहा-सात वर्षांनी एकदा कुटुंबाला घेऊन त्या बाजूला जाणं झालं. निमगावला गाडी थांबली. पंक्चर झालं होतं, अर्धा तास लागणार होता. मी पत्नीला म्हटलं, जरा जाऊन येतो. पाय आपोआप त्या आळीला वळले. तात्या अंगणात पानांच्या कवळ्या लावत बसले होते. फार वाळले होते. मला ओळखायला त्यांना वेळ लागला नाही. "या डाक्टर," म्हणाले. घरात शांत होतं. मी विचारण्याआधीच त्यांनी सांगितलं, "ती गेली. दोन वर्सं झाली दिवाळीला."

मी खाली बसलो. म्हणालो, "माझ्यामुळं त्यांना फार सोसावं लागलं, तात्या."

तात्या पानं लावायचे थांबले. "कोंबड्यांचं म्हणताय? न्हाय. ते तिनं कवाच सोडलं व्हतं." ते जरा थांबले. सांगावं की नाही, असा विचार करत असावेत. "तुमी जायचा न्हवं दारावरनं, सायकल न थांबवता? तुमचा फेरीचा दिस तिला ठावा व्हता. दर येळंला च्याचं आधण ठेवायची. घंटी वाजली की दारात येऊन उभी ऱ्हायची. तुमी गेला की आधण उतरवायची. मी एकदा म्हनालो, आता बंद कर की हे. तर म्हणाली, पोरगं लाजतंय, आज न्हाय तर पुढच्या येळी उतरंल."

दूर रस्त्यावर एस.टी.चा भोंगा वाजला. तात्यांनी लावलेली एक कवळी उचलून केळीच्या पानात बांधली आणि माझ्या हातात दिली. म्हणाले, "निघा आता. गाडी कुणासाठी थांबत न्हाय."